पडद्यामागची टाळी

आमच्यात नमाज पढवणारा चुकला, तर मागे उभ्या असलेल्या पुरुषांनी ‘सुभानल्लाह’ म्हणायचं आणि बाईने टाळी वाजवायची. ही टाळी कौतुकाची नव्हे. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर एकदा मारायची, बस्स. पढवणाऱ्याला कळतं की कुठेतरी चुकलं. काय चुकलं ते त्याचं त्याने शोधायचं. हा नियम मला लहानपणापासून ठाऊक होता, पण साठी उलटली तरी ती टाळी वाजवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. वाजवणार तरी कोणासाठी? आमच्या गावात ईदची नमाज एकतीस वर्षं मास्तरच पढवत आले होते, आणि मास्तर चुकत नव्हते.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे शिवणारे. त्यामुळे लोक मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि आमच्यातले खाला, म्हणजे मावशी. दुकानात कापणं-शिवणं त्यांचं; काजं, बटणं, तुरपाई माझी. शर्टाला सात बटणं म्हणजे सात. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही शर्ट सहा बटणांचा गेला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मोजण्याच्या बाबतीत मी स्वतःला किती हुशार समजत होते, ते कळावं म्हणून सांगते.

गावात आमची घरं सगळी मिळून चौदा. मशीद नाही, मौलवी नाही, आणि ईदची सुट्टी कॅलेंडरवर असली तरी आमच्यात ती मिळत कोणालाच नाही. ज्याला जमेल तो सकाळी साडेसातला येतो, नमाज पढतो, गळाभेट घेतो आणि कामावर पळतो. मास्तरांनी लहानपणी त्यांच्या वडिलांकडून सगळं पाठ केलं होतं, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांनी त्यांनाच पुढे ढकललं. ते पुढे गेले ते गेलेच. मध्ये दोन-तीनदा ‘आता दुसऱ्या कोणाला तरी बघा’ म्हणाले, पण ते म्हणण्यापुरतंच. मागे कोणी ‘बरं’ म्हटलं असतं तर आठवडाभर जेवले नसते.

गेल्या वर्षी त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी उसवून दिल्या आणि हसले. मग एकदा गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतलं, वहीपर्यंत पोचले आणि आकडा विसरले. पुन्हा घेतलं, पुन्हा विसरले. तिसऱ्यांदा टेप घेऊन गेले तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, “मास्तर, छाती तीच आहे हो, एवढ्यात वाढली नाही.” सगळे हसले, मास्तरही हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि शेवटी मला म्हणाले की हा आजार हळूहळू पुढेच जातो, मागे येत नाही. मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि परत येताना रिक्षात मला एवढंच म्हणाले, “कोणाला सांगू नकोस.”

मी मुलीलाही सांगितलं नाही.

मग रोजे आले. पंधरावा रोजा असेल. मी बटणं लावत होते आणि मास्तर मशीनवर नुसतेच बसले होते.

“अगं, ही ईद मला पढवू दे,” ते म्हणाले. “शेवटची. ती नीट झाली की मी आपणहून बाजूला होतो. कोणी मला उचलून बाजूला ठेवायला नको.”

“आणि मध्येच विसरलात तर?”

“तू आहेस ना मागे. टाळी वाजव.”

“तुमचे पुरुष काय करतील मग? ते नाही का बोलणार?”

“त्यांना वर्षातून दोनदाच ही नमाज पढायची असते. ते माझ्याकडे बघून हात उचलतात. त्यांना काय कळणार?”

हे खरं होतं. ईदच्या नमाजेत रोजच्यापेक्षा सहा तकबिरी जास्त असतात. तकबीर म्हणजे हात कानापर्यंत नेऊन ‘अल्लाहू अकबर’ म्हणणं. नमाजेच्या पहिल्या फेऱ्यात तीन, दुसऱ्यात तीन. दुसऱ्या फेऱ्यात तीन झाल्या की चौथ्यांदा ‘अल्लाहू अकबर’ म्हणत खाली वाकायचं. ऐकायला सोपं आहे, पण दर वर्षी कोणी ना कोणी दुसऱ्या तकबिरीलाच वाकतं, आणि बाकीचे उभे आहेत हे पायांच्या बोटांवरून कळलं की हळूच सरळ होतं. औषधाच्या दुकानवाला तर एका वर्षी दोनदा वाकला होता. त्याला अजून चिडवतात.

तेव्हापासून आम्ही रोज दुकानाचं दार ओढून सराव करू लागलो. ते इस्त्रीच्या टेबलापुढे उभे राहायचे, मी त्यांच्यामागे. मी बोटं मिटत मोजायची. एक तकबीर, एक बोट. नमाजेत असं बोटांवर मोजू नये, मला माहीत आहे, पण अल्लाहला माझी अडचणही माहीत असेल. त्या चौदा-पंधरा दिवसांत ते दोनदा चुकले. दोन्ही वेळा मी हातावर हात मारला, ते थांबले, आणि राहिलेली तकबीर म्हणून पुढे गेले. कोणाला कळलंही नसतं. मला धीर आला.

ईदच्या सकाळी मुलगी सहालाच आमच्या चार वर्षांच्या नातीला दारात सोडून कामावर गेली. या नातीला आम्ही चिमणी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा गप्प नसते. नमाजेला जाण्याआधी खजूर खायचे, तेही विषम संख्येत, हा मास्तरांचा कडक नेम. त्यांनी तीन खाल्ले, हात धुतले, टोपी घातली, आणि परत येऊन वाटीतले आणखी तीन खाल्ले. मी बघत होते. सातवा त्यांच्या हातात ठेवला.

“तीन झाले ना माझे?” त्यांनी विचारलं.

“सात झाले. विषमच आहेत. चला.”

आमची नमाज नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये होते. तिथल्या बाई चांगल्या आहेत. चावी हातात देतात आणि साडेनऊपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. हॉलच्या तीन भिंतींना आरसे आहेत. नमाजेत समोर स्वतःचंच तोंड दिसून कसं चालेल, म्हणून आम्ही सगळ्या घरांतल्या चादरी आणून आरसे झाकतो. भिंतींची दिशा आणि काब्याची दिशा काही जुळत नाही, तेव्हा मास्तर शिवणकामाच्या खडूने फरशीवर तिरक्या रेघा मारतात आणि लोक त्या रेघांवर रांगा धरतात. त्या दिवशीही त्यांनी टेप लावून रेघा मारल्या. सगळ्या रेघांत सारखं अंतर. एवढं कसं विसरत नाही हा माणूस, असं मला वाटलं.

मागे बायकांसाठी पडदा असतो. तोही मास्तरांनीच शिवलेला, कोटांच्या उरलेल्या अस्तरांचा. राखाडी, तपकिरी, काळा, मध्येच एक जांभळा तुकडा. आम्ही नऊ बायका होतो. माझ्या उजवीकडे हॉस्पिटलातली नर्स उभी होती, ड्युटी संपवून गणवेशातच आली होती. डावीकडे चिमणी. ‘नमाज होईपर्यंत बोललीस तर ईदी नाही, सणाचे पैसे नाहीत’ असं तिला बजावलं होतं. पडद्याच्या फटीतून मला मास्तरांची पाठ आणि पहिली रांग दिसत होती. रांगेत औषधवाला, त्याच्याशेजारी बसचा ड्रायव्हर. त्याची बस साडेआठला सुटायची होती आणि त्याची नजर सारखी मनगटावर जात होती.

पहिला फेरा नीट झाला. एक, दोन, तीन. मग मास्तरांचा आवाज लागला. त्यांचा आवाज काही फार गोड नाही, पण शब्द स्वच्छ. कुठे अडखळले नाहीत. वडिलांनी शिकवलेलं तळाशी असतं बहुतेक, आजार तिथपर्यंत शेवटी पोचत असेल. सजद्यातून, जमिनीला टेकवलेलं कपाळ उचलून उठताना मी मनात म्हटलं, अर्धं झालं.

दुसरा फेरा. वाचून झालं. मी डावी मूठ तयार ठेवली. पहिली तकबीर झाली आणि मी अंगठा मिटला. दुसरी झाली, बोट मिटलं. तेवढ्यात चिमणीने माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि उघडली. एकेक बोट सरळ करून आत काय आहे ते बघितलं. तिला वाटलं असणार, नानीने ईदी मुठीत ठेवलीय. बोलली मात्र नाही, बिचारी अटीला जागली.

मी हात सोडवून घेतला. पुन्हा मूठ मिटली, पण किती बोटं मिटायची ते सुचेना. हात सोडवताना एक तकबीर होऊन गेली होती की नाही? मी म्हटलं, दोनच. दोनच झाल्यात. समोर मास्तर ‘अल्लाहू अकबर’ म्हणाले आणि हात न उचलता खाली वाकू लागले.

मी टाळी वाजवली.

चादरींनी झाकलेल्या त्या हॉलमध्ये ती केवढ्याने वाजली! मास्तर अर्धे वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले, हात कानापर्यंत नेले, आणखी एक तकबीर म्हटली आणि परत वाकले. मागे गोंधळ उडाला. निम्मे लोक वाकलेले, निम्मे उभे, कोणी वर येतंय, कोणी खाली जातंय. कसंबसं सगळं सावरलं. मला मात्र समाधान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, वेळेवर वाजवली, वाचवलं त्यांना. शेवटी मास्तरांनी भूल झाल्याचे दोन जास्तीचे सजदे केले. ते करावेच लागतात. पण ते केले की लहान पोरालाही कळतं, पढवणारा चुकला.

नमाज संपली. नर्स माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “खाला, टाळी का वाजवलीत? तीन झाल्या होत्या की.”

“दोन झाल्या होत्या.”

“तीन. मी रात्रभर लोकांची नाडी मोजून आलेय. तीन झाल्या होत्या.”

मी चिमणीकडे बघितलं, ती माझ्या मुठीकडेच बघत होती. मग मला सगळं उमगलं. मास्तर चुकलेच नव्हते. एक अक्षर नाही, एक तकबीर नाही. तो आजार डोक्यात घेऊन त्यांनी पूर्ण नमाज बरोबर पढवली होती आणि चुकवली होती मी. त्यांची मोजणी बरोबर असूनही त्यांनी तिच्यावर नाही, माझ्या टाळीवर भरवसा ठेवला होता.

नमाजेनंतर खुतबा असतो, म्हणजे पढवणारा उभा राहून लोकांपुढे चार शब्द वाचतो. मास्तर उठलेच नाहीत. लोकांकडे पाठ करून बसले होते आणि समोरच्या खडूच्या रेघेवर बोट फिरवत होते. रेघ पुसली जात होती. शेवटी औषधवाला उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, “मास्तर, दमला असाल. खुतबा मी वाचू का?”

तो हात आणि तो आवाज मला सहन झाला नाही. हेच त्यांना नको होतं. उचलून बाजूला ठेवणं म्हणतात ते हेच. आणि मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलंही नसतं. नर्स बोलली नसती. लोक म्हणाले असते, मास्तर म्हातारे झाले, खालांनी टाळी वाजवून सांभाळून घेतलं. माझं नाव झालं असतं वर.

आमच्या नमाजेला आजवर कधी बाईचा आवाज पडद्याबाहेर गेला नव्हता. मी उठले, पदर सारखा केला आणि पडदा बाजूला सारून पुढे आले.

“हात काढ त्यांच्या खांद्यावरचा,” मी औषधवाल्याला म्हणाले. “आणि सगळ्यांनी ऐका. मास्तर चुकले नाहीत. तीन तकबिरी झाल्या होत्या. माझी मोजणी चुकली आणि मी उगाच टाळी वाजवली. ते दोन सजदे त्यांना माझ्यामुळे करावे लागले.”

मग बसचा ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, “मीपण तीनच मोजल्या होत्या.”

“मलाही तीनच वाटल्या,” औषधवाला म्हणाला.

“मग मूग गिळून का बसलात? तोंड होतं ना?”

“खाला, मास्तर परत सरळ झाले ना,” औषधवाला ओशाळून म्हणाला. “म्हटलं, मास्तर कसे चुकतील? आपणच चुकलो असणार. माझी तर ख्यातीच आहे.”

दोघेतिघे हसले. माझा राग उतरला आणि रडू आलं. सगळ्या पुरुषांसमोर, पडद्याबाहेर उभी राहून मी रडले. मास्तर तेव्हा वळले. माझ्याकडे बघून म्हणाले, “रडतेस काय? टाळी वाजवायला मीच सांगितलं होतं तुला.”

मग त्यांनी लोकांना सांगितलं. मी महिनोन्‌महिने पोटात ठेवलेलं त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. “मला विसरायला होतं. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार.” एवढंच. पुढे ते औषधवाल्याला म्हणाले, “तू नीट सांग. आजची माझी नमाज बरोबर होती?”

“अगदी बरोबर होती, मास्तर.”

“मग झालं माझं.” त्यांनी कोटाच्या खिशातून खुतब्याचा कागद काढला. एकतीस वर्षं तोच कागद, घड्यांवर अस्तराची पट्टी चिकटवलेला. तो त्यांनी औषधवाल्याच्या हातात दिला. “आता खुतबा तू वाच. पुढच्या ईदला नमाजही तूच पढव. आणि दुसऱ्या तकबिरीला वाकू नकोस.”

मास्तर उठून पहिल्या रांगेत, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. औषधवाला उभा राहिला. ड्रायव्हरने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. मी पडद्यामागे गेले आणि चिमणीला मांडीवर घेतलं. तिने पुन्हा माझी मूठ उघडून बघितली. या वेळी मी उघडू दिली.

खुतब्यानंतर गळाभेटी झाल्या. त्या वर्षी त्या नेहमीपेक्षा लांबल्या, कारण प्रत्येक जण मास्तरांना दोनदा भेटत होता. नाचाच्या बाई पोरींना घेऊन दाराशी आल्या, आतला प्रकार बघून पोरींना जिन्यातच बसवलं आणि स्वतः चादरी काढू लागल्या. मास्तरांनी फडकं ओलं करून रेघा पुसल्या. त्या दर वर्षी तेच पुसतात.

घरी आलो. जेवण झालं. मास्तर खाटेवर आडवे झाले. मी भांडी घासत होते.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “आज माझी नमाज बरोबर झाली ना?”

“बरोबर झाली.”

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. चहाच्या वेळी विचारलं. चिमणीला घ्यायला मुलगी आली, तिच्यासमोर विचारलं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तिला सांगायचं राहिलेलं ते न सांगताच कळलं. ती जाताना माझ्या गळ्यात पडली. प्रत्येक वेळी ते असे विचारत होते, जणू पहिल्यांदाच विचारतायत, आणि प्रत्येक वेळी ‘बरोबर झाली’ ऐकून त्यांचा चेहरा तसाच उजळत होता. मी एकदाही ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हटलं नाही. माझ्या टाळीची तेवढी भरपाई माझ्याकडे निघत होती.

दिवेलागणीला ते दुकानात जाऊन मशीनपाशी बसले. मी त्यांच्याशेजारी शर्ट घेऊन बसले. दिवसभरात त्यांनी दहा वेळा विचारलं होतं. मी मोजत होते आणि माझी मूठ कोणी उघडली नव्हती. सातवं बटण लावलं, दोरा तोडला आणि अकराव्यांदा, त्यांनी न विचारताच, मी म्हणाले, “मास्तर, आज तुमची नमाज अगदी बरोबर झाली.”